अर्धा भादरलेला बत्ताशा

बत्ताशाने त्या हिवाळ्यात माझे अडीच महिने खाल्ले, आईची एक गोधडी खाल्ली आणि माझ्या शर्टाची एक बाही खाल्ली. बाहीचं मला फारसं वाटत नाही. तो शर्ट मुळात आबांचाच होता, माझ्या अंगावर झोळीसारखा लोंबायचा. गोधडीचं आईला वाटलं, आणि ते तिने मरेपर्यंत बोलून दाखवलं. पण अडीच महिने म्हणजे अडीच महिने, ते काही शिवून परत मिळत नाहीत. माझ्या वयाची पोरं तेव्हा मिसरूड फुटलं म्हणून नाक्यावर उभी राहायची, केसांचा कोंबडा काढायची, आणि मी कुठे, तर घोड्याच्या पोटाखाली, नाकातोंडात केस. आता आमच्या बिल्डिंगमधली माणसं लिफ्टमध्ये विचारतात, काका, तुमच्या वेळी इथे घोडे होते म्हणे, काय छान असेल ना! छान? या म्हणावं, एक दिवस खरारा करून दाखवा, मग बोला छान.

आमचं बिऱ्हाड बोरिवलीला पूर्वेकडे, जंगलाच्या अंगाला होतं. एक खोली माणसांची, एक घोड्यांची, मध्ये कुडाची भिंत, आणि तीही वर पत्र्यापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे पलीकडे घोडी फुरफुरली की आबा झोपेतच "हो, हो" म्हणायचे, आणि आबा खोकले की ती पाय आपटायची. आई म्हणायची, "ह्या घरात माणूस कोण नि घोडो कोण, माका काय कळत नाय." ती मालवणकडची, शेवटपर्यंत तसंच बोलली. आबा कोकणातून आले ते गिरणीत लागायला म्हणून. गिरणीत चार महिने टिकले. मुकादमाने एकदा आवाज चढवला तर हे पागोटं उचलून बाहेर, ते परत त्या दारात गेले नाहीत. पुढे एका शेटच्या बग्गीवर राहिले. शेटने मोटार घेतली, बग्गी मोडीत घातली आणि निरोपाचा नारळ द्यावा तशी राणी नावाची पांढरी घोडी आबांच्या हातात दिली. तीच घोडी आबा लग्नाच्या वरातींना नेऊ लागले. आमचं घर त्या एका घोडीच्या पाठीवर चाललं, हे मी अभिमानाने सांगतो. लाज वाटायची ती ज्यांना वाटते त्यांना वाटू दे.

पण राणी म्हातारी झाली. एका डोळ्यात मोतीबिंदू आला, आणि त्या बाजूला वरातीची बत्ती आली की ती बुजायची. एका नवरदेवाला तिने मंडपाऐवजी गटाराकडे नेलं, तेव्हा आबांनी ओळखलं. ते देशावरच्या बाजारात गेले आणि कोवळा घोडा घेऊन आले. तीन वर्षांचा असेल. लांब लांब पाय, कान कायम माझ्यावर रोखलेले, आणि रंग असा की दुधात चिमूटभर राख पडावी. आई त्याला बघून म्हणाली, "बत्ताशो कसो दिसता," आणि तेच नाव पडलं. राणी घोडी शहाणी, समंजस. हा बत्ताशा म्हणजे शुद्ध वैताग. आणि तो माझ्या गळ्यात बांधला गेला, कारण चौथीत मास्तरांनी छडी उगारली तेव्हा मी छडी मोडून घरी आलो होतो आणि परत गेलो नव्हतो. आबा म्हणाले, "शाळा नको होती ना? मग हा घे."

आता दाखवणी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बोरिवली, कांदिवली, मालाडला गुजराती वस्ती मोठी. त्यांच्यात संक्रांतीच्या आधीचा महिना लग्न करत नाहीत. संक्रांत झाली की एकदम लग्नांचा धुरळा. म्हणून संक्रांतीच्या आदल्या रविवारी बँडवाले गुलाबमास्तर मालाडच्या मैदानात घोडे बघायचे. अंधेरीपासून दहिसरपर्यंतचे घोडेवाले यायचे. मास्तर बुटका, गोल, अंगठ्याला क्लॅरिनेट पेलून पडलेला घट्टा, आणि खिशात धुतलेला पांढरा रुमाल. तो रुमाल घोड्याच्या मानेवरून पाठीपर्यंत एकदा फिरवायचा. रुमाल मळला, घोडा बाद. दुसरं काही बोलायचं नाही. रुमाल पांढरा राहिला तर मग कानाशी ढोल वाजवून बघायचे. त्यात टिकला तर हंगामभर त्या घोड्याला वराती.

आणि बत्ताशाला हंगाम मिळणं भागच होतं, कारण आबा शब्द देऊन बसले होते. दिवाळीत कल्याणकडच्या एका वीटभट्टीचा मुकादम आमच्या दारावरून चालला होता. त्याने बत्ताशाला बघितलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, भट्टीवर विटा ओढायला असलं जनावर हवं, विकता का? आबांना दोन घोडे बसवून पोसणं जमणारं नव्हतं. ते म्हणाले, "संक्रांतीला मास्तरने घेतला तर माझा. नाही घेतला तर तुझा. सणाच्या दिवशी ये." मी तिथेच उभा होतो. भट्टीवरची जनावरं मी पाहिलेली होती. दोन वर्षांत त्यांच्या पाठीचं काय होतं तेही पाहिलं होतं. मी काही बोललो नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती. आबा सांगायचे, कर. का, ते सांगायचे नाहीत. आणि मी करायचो किंवा नाही करायचो. का, ते विचारायचो नाही.

मग सुरू झालं ते. जंगलाच्या कडेला थंडी शहरापेक्षा जास्त, आणि हा देशावरचा, त्याच्या अंगाला ती थंडी ओळखीची. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत त्याला असे केस फुटले की बत्ताशाचा बोकड झाला. पोटाखाली झालर, हनुवटीला दाढी. आबांचं म्हणणं, जनावर ऊबेत ठेवलं की केस कमी वाढतात. म्हणून आईची लग्नातली गोधडी त्याच्या अंगावर गेली, आणि आम्ही पोती पांघरली. तीन दिवसांत त्याने गोधडीचा एक कोपरा चावून गिळला. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "माझ्या आवशीन शिवलेली गोधडी गो बाय! घोड्यान खाल्ल्यान!" आबा म्हणाले, "कोपराच खाल्ला. पाठ तर झाकतेय."

सकाळी आधी चुलीवर जवस. आदल्या दिवशी भिजवलेलं जवस शिजून खळीसारखं चिकट झालं की कोंड्यात कालवायचं. त्याने केसाला आतून तेल चढतं. ते पातेलं उतरल्याशिवाय आमचा चहा चढायचा नाही. चहाला जवसाचा वास, कुळथाच्या पिठीला जवसाचा वास, सुका बांगडा भाजला तरी वरून जवसाचाच वास. मग लोखंडी खरारा, मग ब्रश, मग गवताचा ओला बोळा करून तो मानेवर, खांद्यावर, पुठ्ठ्यावर आपटायचा, जोर लावून, एका ठेक्यात, धप्, धप्, धप्. त्याने अंगातलं रक्त फिरतं. शेवटी उघडा तळहात. तळहाताने केस दाबत दाबत शेपटीपर्यंत जायचं, आणि पुन्हा मानेपासून. माझ्या हाताची रेषा तेव्हाच पुसली गेली असणार. पुढे एक ज्योतिषी माझा हात बघून गप्प बसला होता.

हे सगळं करून घोडा लख्ख झाला की बत्ताशा काय करायचा? दोर सुटला रे सुटला की अंगणातल्या लाल मातीत आडवा. चारी पाय वर. लोळून झालं की उठून माझ्याकडे बघायचा, जसं काही मीच उशीर केला. झोपायचा तोही कायम डाव्या कुशीवर आणि नेमका स्वतःच्या मुतात, त्यामुळे डाव्या मांडीवर पिवळा डाग, आपण तापाच्या माणसाला पुसतो तसा तो मी रोज पुसायचो. एकदा तर रस्त्यावर डांबर टाकत होते तिथे जाऊन पिंपाला पाठ घासून आला. ते डांबर मी गोडेतेल लावून बोटांनी काढलं, केस न् केस सुटा करून. त्या दिवशी मी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या. त्याने माझी बाही खाल्ली ती त्याच दिवशी.

इतकं करून दाखवणीचा आदला दिवस उजाडला तरी केस बोटाच्या पेराएवढे. स्वच्छ होते, मऊ होते, पण उभे. चकाकी कुठून येणार? दुसऱ्यांचे घोडे मी बघितले होते, तुळतुळीत, आरशासारखे. मी आबांना म्हटलं, "कातरूया." आबा लगामाचं पितळ उजळून आणायला कुर्ल्याला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "कात्री लावायची नाही." बस. एवढंच. चपला वाजल्या आणि गेले.

आता मी म्हातारा झालो म्हणून कबूल करतो, त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण मीही दोन शब्द विचारायला हवे होते. ते दोघांनाही जमलं नाही. मी सरळ स्टेशनजवळच्या पिंपळाखाली गेलो. तिथे पांडू न्हावी बसायचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, माझा दोस्त. त्याच्याकडे केस बारीक करायची हातातली मशीन होती.

"शांत्या, ही माणसाच्या डोक्याची मशीन आहे," तो म्हणाला.

"घोड्याला काय डोकं नसतं?"

"घोड्याला आहे रे. तुला आहे का ते बघतोय."

तरी आला. पांडूला नवीन काम बघायची हौस फार. मी उजव्या बाजूने मानेपासून सुरुवात केली. मशीन दाबत, सोडत, किर्र किर्र पहिला पट्टा काढला आणि आतून उंदीर निघाला. खोटं सांगत नाही, त्या पांढऱ्या घोड्याच्या मानेवर हाताएवढा पट्टा उंदराच्या रंगाचा! पांडू वाकून बघत म्हणाला, "अरे, हा आतून काळा आहे."

"मळ असेल," मी म्हणालो.

साबण आणला. धुण्याचा सोडा आणला. घासला, परत घासला. मळ कसला निघतोय, अडीच महिन्यांत मी त्या अंगावर मळ ठेवलाच नव्हता. आता इथे कुणी शहाणा असता तर थांबला असता. पांडू तेच म्हणाला, थांब. पण मला वाटलं, एक पट्टा वेगळा दिसतो म्हणून वाईट दिसतो, सगळा एकसारखा केला की वाईट दिसणार नाही. आणि पांडू थांब म्हणाला म्हणून तर मी मुळीच थांबलो नाही. मान झाली, खांदा झाला, बरगड्या झाल्या, पुठ्ठा झाला. बत्ताशा शहाण्यासारखा उभा. इतर वेळी माशी बसली तरी नाचणारा हा प्राणी, त्या दिवशी मात्र त्याला बरं वाटत असावं, खालचा ओठ लोंबकळत डोळे मिटून उभा. अख्खी उजवी बाजू उतरली आणि मी पाठीच्या कण्यापर्यंत पोचलो, तेव्हा दारात पितळेचे घुंगरू वाजले. आबा आले होते.

आबांनी घुंगरू खाली ठेवले. घोड्याच्या डाव्या बाजूला गेले, पांढरा बोकड. उजव्या बाजूला आले, काळपट गाढव. परत डावीकडे गेले. परत आले. पांडू कधी पसार झाला मला कळलं नाही, मशीन माझ्या हातात ठेवून गेला.

"विचारलं का नाहीस?" आबा म्हणाले.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"असला घोडा जन्मतो काळा. वय होतं तसा पांढरा होत जातो. आधी केसाची टोकं, मग मुळं. तू टोकं काढून टाकलीस. खाली अजून तो पोरच आहे."

आई दारातून म्हणाली, "सांगूक एकाची जीभ उचलना नाय, इचारूक दुसऱ्याची उचलना नाय. नि माझी गोधडी मात्र फुकट गेली!"

मी म्हटलं, दुसरी बाजूही काढतो, निदान एकसारखा होईल. आबा म्हणाले, "एका दिवसात एक गाढवपणा पुरे. उद्या लगाम तू धरायचास."

धरला. बोरिवलीहून मालाडपर्यंत, भर उजेडात, कांदिवलीच्या बाजारातून. रस्त्याच्या एका बाजूची माणसं म्हणायची, वा, काय पांढरा घोडा. दुसऱ्या बाजूची हसून लोळायची. एक भाजीवाली ओरडली, "अरे मेल्या, अर्धाच धुतलास काय?" मागून पन्नास पावलं सोडून आबा येत होते, नवं पागोटं घालून, जसं काही आम्ही त्यांचे कुणी नव्हतोच. बत्ताशा मात्र खुशीत. त्याला उजव्या बाजूला वारा लागत होता.

मैदानात सातआठ घोडे उभे होते, मेंदीने रंगवलेल्या शेपट्या, कपाळाला गोंडे. मी मनाशी एक युक्ती केली होती, आणि आजही ती आठवली की मला माझा राग येतो. मी बत्ताशाची डावी बाजू मास्तरकडे ठेवून उभा राहिलो. मास्तर आला. रुमाल फिरवला. पांढरा! मग तो पलीकडे जायला लागला, तर मी घोडा फिरवला. तो थांबला, मी थांबलो. तो उलटा चालायला लागला, मी घोडा उलटा फिरवला. असे आम्ही तिघे त्या मैदानात फुगडी घालत होतो. शेवटी मास्तर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाळा, तू घोडा दाखवतोयस का लपवतोयस?" आणि बुटका असल्यामुळे सरळ मानेखालून वाकून पलीकडे गेला.

मैदान हसलं. घोडेवाले हसले, ढोलवाला ढोलावर डोकं ठेवून हसला. मास्तर हसला नाही. त्याने भादरलेल्या बाजूवरून रुमाल फिरवला आणि उजेडात धरला. रुमाल पांढरा स्वच्छ. त्याने ढोलवाल्याला खूण केली. बत्ताशाच्या कानापाशी ढोल दणाणला. बत्ताशाने कान हलवला, मान लांब केली आणि मास्तरच्या हातातला रुमाल ओढून घेऊन चघळायला लागला.

"कोणी घासलाय हा?" मास्तरने विचारलं.

"मी."

"घोडा सोन्यासारखा आहे. रुमाल खाल्ला ते माफ. केस आले की घेऊन ये, होळीनंतर."

"होळीला तो वीटभट्टीवर असेल," मी म्हणालो. "मास्तर, वरून झूल टाकली की काय दिसतं?"

"मान दिसते. आणि मान तू भादरलीस." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वरात माझी नसते रे. दारात अर्धा काळा घोडा आला, तर व्याही अपशकुन म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतील."

येताना आबा पन्नास पावलं मागे नव्हते, बाजूला होते. कांदिवली गेली, बोरिवली आली.

संक्रांतीच्या सकाळी मला जाग आली ती किर्र किर्र आवाजाने. कुडावरून डोकावलो. आबा, पागोटं काढून, पांडूची मशीन घेऊन बत्ताशाची डावी बाजू भादरत होते. मला संताप आला. म्हटलं, "भट्टीवर जायच्या घोड्याला आता कशाला नटवताय?"

"अर्धवट काम आपल्या घरातून बाहेर जात नाही," आबा म्हणाले. मान वर केली नाही.

डावी बाजू उतरली आणि मला पहिल्यांदा सगळा बत्ताशा दिसला. केसांमुळे तो भरलेला वाटायचा. आता खाली नुसतं पोर होतं, लांब पायाचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, उंदराच्या रंगाचं, आणि जिथे मशीन वेडीवाकडी गेली तिथे पट्टे. शेपटी तेवढी पांढरी.

मुकादम ऊन वर आल्यावर आला. आईने आधी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली. त्याने लाडू तोंडात टाकला आणि इकडेतिकडे बघितलं.

"घोडा कुठाय, आबा?"

"हा समोर."

मुकादमाने लाडू चघळायचं थांबवलं. "हा? मी पांढरा बघून गेलो होतो. अंगाने भरलेला."

"तोच. केस काढलेत."

"केसांबरोबर मांसपण काढलंत काय?"

"मी शब्द दिला होता," आबा म्हणाले, आणि दोर सोडून त्याच्यापुढे धरला. "मास्तरने घेतला नाही. घोडा तुझा. ने."

मी दाराला धरून उभा होतो. आबा वळून म्हणाले, "शांत्या, त्याची गोधडी बांधून दे." मी हललो नाही. मुकादमानेही दोर घेतला नाही. तो घोड्याभोवती फिरला, पट्ट्यांवर बोट लावायला गेला आणि बोट मागे घेतलं.

"केस का काढले? खरूज आहे ना ह्याला?"

"खरूज नाही."

"मग काय कारण?"

"पोराला हौस आली," आबा म्हणाले.

हे अगदी खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं? मुकादम आबांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग परत त्या पट्ट्यापट्ट्यांच्या घोड्याकडे. "हौस म्हणून घोडा भादरतात काय कोण? आबा, मला काय कालचा समजलात? माझ्या भट्टीवर आठ जनावरं आहेत. ह्याची लागण सगळ्यांना झाली तर?"

"लागण नाही. ने तू. मी देतोय." आबा दोर घेऊन त्याच्या मागे दोन पावलं गेले. तो दोन पावलं सरकला. "शेजारीपाजारी सगळे बघतायत. मी शब्द मोडला असं नंतर म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"परत एकदा विचारतो. नेतोस का?"

"सणाच्या दिवशी गोड बोलायचं म्हणून गप्प आहे, आबा," मुकादम म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. जाताना पायजम्याला हात पुसत होता, हात लावला नव्हता तरी.

आबांनी दोर परत खुंटीला बांधला. पागोटं डोक्यावर ठेवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या तोंडावर काहीही नव्हतं, नेहमीसारखंच होतं, बंद. म्हणाले, "काय बघतोस? आता अंगावर केस नाहीत, थंडी वाजेल त्याला. गोधडी घाल. आणि मशीन पांडूला नेऊन दे."

बत्ताशा होळीनंतर मास्तरकडे लागला आणि पुढे वर्षं न् वर्षं लागत राहिला. पांढरा होत गेला, आपोआप, कुणी काही न करता, शेवटी मोगऱ्यासारखा. माझ्या लग्नालाही तो होता. मी त्याच्यावर बसलो नाही, चालत गेलो, लगाम धरून. माझ्याशिवाय तो कुणाच्या हाताला शर्टाची बाही ठेवू देत नसे.

मी हे सांगितलं की नात विचारते, मग पणजोबांनी ते मुद्दाम केलं का? मला काय माहीत! मी विचारलं नाही. आबा गेले त्या आजारपणात मी तीन महिने त्यांच्या उशाशी होतो, पाय चेपत होतो, तेव्हाही विचारलं नाही. आणि याहून वाईट म्हणजे त्या संक्रांतीला मी मशीन परत द्यायला गेलो, तेव्हा पांडू पिंपळाखाली मशीनच्या दातांतले पांढरे केस फुंकर मारून काढत म्हणाला होता, "तुम्ही मालाडहून आलात त्या रात्री आबा माझ्याकडे आले होते. मशीन तुझ्याकडेच आहे म्हटलं. तर म्हणाले, घरात आहे ते माहीत आहे, वापरू का ते विचारायला आलोय. कशाला हवी विचारलं, तर काय म्हणाले सांगू?" आणि मी, रागाने नुसता पेटलेला, म्हणालो, "नको." आबांना जे मला सांगायचं नव्हतं ते मी न्हाव्याकडून ऐकणार नव्हतो. पांडूने खांदे उडवले. पुढे तोही विसरला असेल, आणि आता तर तोही नाही. पिंपळ आहे. मी रोज त्याच्या बाजूने दूध आणायला जातो, आणि रोज स्वतःवर चिडतो. माणूस आपणहून सांगत होता. ऐकून घ्यायला काय जात होतं माझं?